पायदान चार इंच खाली

टू-स्ट्रोक इंजिनाला हवामान कळतं. यात काव्य वगैरे काही नाही, साधं भौतिकशास्त्र आहे. गार हवा दाट असते, तेवढ्याच जागेत तिच्यात जास्त प्राणवायू मावतो, म्हणून पहाटेच्या थंडीत जुनी स्कूटरसुद्धा तरुण असल्यासारखी ओढते. एप्रिल-मेच्या दुपारी हवा विरळ होते, पेट्रोल तेवढंच राहतं, मग तीच गाडी जड होते, प्लगवर काजळी धरते आणि चढाला धापा टाकते. पावसाळ्यात प्लगच्या टोपीत ओल शिरली की किक मारून मारून माणूसच गरम होतो, इंजिन नाही.

त्यामुळे जुन्या गाड्या बाळगणारी माणसं भेटली की पहिला विषय हवामान. लोकांना वाटतं, बोलायला काही नसलं की हवेबद्दल बोलतात. आमचं तसं नाही. आमच्याकडे हवा हाच मुद्दा असतो आणि बाकीचं सगळं त्याच्या मागे बसून येतं, डबलसीट.

आमच्याकडे म्हणजे साताऱ्यात. दर रविवारी सकाळी साडेसहाला बोगद्याजवळच्या चहाच्या टपरीवर आम्ही चार-पाच जण जमतो. चहा, मग यवतेश्वरचा घाट, जमलं तर कासपर्यंत, आणि नऊच्या आत घरी. नऊच्या आत हे महत्त्वाचं. रविवारचं मटण आणायचं काम असतं, आणि ते उशिरा गेलं तर काय मिळतं हे सातारकरांना सांगायला नको.

माणसांना गाडीच्या नावानं ओळखायची आमच्यात पद्धत आहे. मी चेतक. गाडी मूळ वडिलांची, नंबर लावून कित्येक वर्षं वाट बघून मिळालेली, त्यामुळे ती विकायचा विषय जरी काढला तरी आमची आत्या अजून डोळ्याला पदर लावते. (आत्या, तू हे वाचतेयस हे माहीत आहे. नाही विकत.) कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर म्हणजे येझदी. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि २०२२ मध्ये त्याच नावाच्या नव्या फोर-स्ट्रोक गाड्या बाजारात आल्या, तर सर त्यांना 'ती नावाची येझदी' म्हणतात. कोरेगावकडचा शेतकरी मित्र म्हणजे राजदूत. आणि ७३ वर्षांचे काका म्हणजे प्रिया! अर्थात त्यांच्या पाठीमागे. तोंडावर काकाच.

काकांची गोष्ट वेगळी आहे. १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली आणि 'प्रिया' स्कूटर इथं साताऱ्यात बनायला लागली. काका त्या कारखान्यात जुळणीवर होते. आम्ही गाडीवर प्रेम वगैरे करतो, त्यांनी ती बनवली आहे. साहजिकच बोलण्यात फरक पडतो. आम्ही म्हणतो "आवाज जरा वेगळा येतोय ना?" आणि काका चहाचा घोट घेत न बघता म्हणतात, "सायलेन्सर चोक झालाय. जाळून घे."

सायलेन्सर जाळणं हा नव्या पिढीला माहीत नसलेला प्रकार. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, त्याची राख आणि काजळी सायलेन्सरमध्ये साचते. साचली की गाडीचा श्वास कोंडतो. मग सायलेन्सर काढून विस्तवात लालभडक करायचा आणि थंड झाल्यावर ठोकून काजळी पाडायची. काकांनी एकदा तो मागच्या परड्यातल्या, आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत घातला होता. काकू देवळातून परत आल्या तर अख्ख्या वाड्यात काळा धूर आणि चुलीत नळकांडं. काकू तेव्हापासून आमच्या सगळ्या गाड्यांना 'तुमची ती नळकांडी' म्हणतात. आम्ही घाटावरून उतरून त्यांच्याकडे गेलो की विचारायच्या, "झाली का नळकांडी फुंकून?" आणि पोह्यांवर जरा जास्तच खोबरं घालायच्या.

तर बोलणं कसं चालतं त्याचा एक नमुना देतो, २०२५ च्या मे महिन्यातला. त्या वर्षी पावसानं सगळ्यांनाच चकवलं. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी थेट मुंबईत. रोहिणीतच पाऊस सुरू, मृगाची कोण वाट बघणार? टपरीवर राजदूत पंचांगातली नक्षत्रांची वाहनं वाचून दाखवत होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन असतं. हत्ती, म्हैस, बेडूक आले की भरपूर पाऊस, कोल्हा किंवा मेंढा आला की ओढ. सर विज्ञानाचे असल्यामुळे याच्या विरोधात आहेत, पण ऐकतात मात्र कान देऊन.

"म्हस आलीय. गाडीला प्लास्टिक घाल."

"प्लास्टिक नको," काका म्हणाले. "खाली वाफ धरते. कापड घाल नि वाऱ्याला ठेव."

"वाऱ्याला ठेवायला जागा पाहिजे ना. पडवीत आल्याचं बेणं टाकलंय."

"अजून लावलं नाहीस?"

"वाफसा कुठाय? पाय घातला तर गुडघ्याएवढा जातोय."

बघा, दहा वाक्यं झाली. गाडी झाकायची चर्चा आहे, पण त्यात एका माणसाच्या वर्षाच्या पिकाचा प्रश्न येऊन गेला. कुणी "अरेरे" म्हटलं नाही. सरांनी फक्त विचारलं, "बेणं किती दिवस टिकेल?" आणि त्या रविवारी चहाचे पैसे राजदूतला देऊ दिले नाहीत.

याच राजदूतचा ऊसही आहे, आणि तो साखर कारखान्याला जातो. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल पुष्कळसं उसापासून येतं. २०२२ मध्ये १० टक्के मिश्रण झालं, २०२५ मध्ये २० टक्के. जुन्या गाड्यांना हे इथेनॉल मानवत नाही. जुन्या धाटणीचं रबर फुगतं, पाइप चिकट होतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. पाण्याचं प्रमाण वाढलं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि स्कूटरच्या टाकीचा कॉक असतो तळाशीच. म्हणजे पावसाळ्यात दोन-तीन आठवडे गाडी उभी राहिली की पहिल्या किकला कार्ब्युरेटरमध्ये जातं ते पेट्रोल नव्हेच. आम्ही याबद्दल कुरकुर सुरू केली की राजदूत हात वर करतो, "माझाच ऊस हाय तुमच्या टाकीत. गुमान प्या." त्याच्या उसाचे पैसे मिळाले की त्याच्या गाडीला नवे टायर येतात आणि आमच्या गाड्यांचे वॉशर फुगतात. आता यावर भांडणार कोण!

आमच्या घरी या सगळ्याकडे संशयानं बघितलं जातं. बायकोचा प्रश्न ठरलेला आहे. "दोन तास काय बोलता रे तुम्ही?"

"प्लगबद्दल."

"दोन तास?"

तिचं म्हणणं असं की बायका दहा मिनिटं भेटल्या तरी समोरचीच्या सासूचा गुडघा, मुलाची बारावी आणि नणंदेचं जमलेलं-मोडलेलं लग्न एवढं सगळं कळतं. आम्ही वर्षानुवर्षं भेटतोय आणि मला सरांच्या मुलीचं नाव धड आठवत नाही. (नाव आठवतं. ती कुठल्या शहरात आहे ते आठवत नाही.) तिच्या मते हे बोलणंच नव्हे. बोलायला लागू नये म्हणून केलेली सोय आहे ती.

मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगायला काकूंच्या आजारपणाकडे यावं लागेल.

२०२४ च्या दिवाळीनंतर काका तीन रविवार आले नाहीत. चौथ्या रविवारी आले ते चालत. गाडी कुठाय म्हटलं तर, "हाय घरी. चालू नाय केली." एवढंच. काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, डावी बाजू. हे आम्हाला कळलं होतं, दवाखान्यातही जाऊन आलो होतो, तिथं खुर्चीवर बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं होतं. दवाखान्यात आमच्यासारख्यांना काही बोलता येत नाही. सर काकूंना म्हणाले, "लवकर बऱ्या व्हा", आणि मग आम्ही सगळे लिफ्टच्या वेगाबद्दल बोलत खाली उतरलो.

काकू काठीवर उभ्या राहायला लागल्या आणि फिजिओथेरपीसाठी रोज जाणं सुरू झालं. जेमतेम दीड किलोमीटर. रिक्षानं जायचे. फेब्रुवारीतल्या एका रविवारी काकांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला (ते नेहमी विसळतात, टपरीवाल्यानं कितीही सांगितलं तरी) आणि म्हणाले,

"डाव्या बाजूचं पायदान चार इंच खाली घेता येईल काय रे?"

स्कूटरच्या डाव्या बाजूला, एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईसाठी पायदान असतं. ते ठरावीक उंचीवर असतं. चार इंच खाली म्हणजे काकूंचा पाय किती उचलतो, ते आम्हाला त्या वाक्यातून कळलं. डॉक्टरांच्या कागदावर काय लिहिलंय ते आम्ही विचारलं नव्हतं. आता गरजही उरली नाही, आकडाच मिळाला होता.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. सरांनी वहीत आकृती काढली. पायदान नुसतं खाली घेऊन चालणार नाही, वळणावर गाडी डावीकडे झुकली की ते रस्त्याला घासेल, म्हणून ते दुमडणारं हवं. काका म्हणाले, दुमडणारं नको, तिचा पाय त्यावर असताना दुमडलं तर? राजदूत म्हणाला, आपण त्याला खिटी करू. त्याच्या गावात एक वेल्डिंगवाला आहे, नांगराचे फाळ करतो. मी कर्जत चाललेल्या पाहुण्यांना सोडायला जायचं सोडून (घरी काय झालं ते इथं लिहीत नाही) अर्धी दुपार त्या वेल्डिंगवाल्यासमोर बसलो. पहिलं पायदान जड झालं. दुसरं किक मारताना आड येत नव्हतं पण गाडी स्टँडला लावताना टेकत होतं. तिसरं बसलं. वर खरखरीत रबर चिकटवलं, ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचं. पाठीमागे स्टेपनीला टेकून एक पाठटेक, आणि उजव्या हाताला धरायला गज.

यात तीन रविवार गेले. घाटात कुणी गेलं नाही. आणि या तीन रविवारांत आम्हाला कळलं की काकूंना रिक्षात वाकून शिरताना तोल जाण्याची भीती वाटते, त्यांना डावीकडची वस्तू पटकन दिसत नाही, त्या रात्री झोपत नाहीत, आणि काका सकाळचा स्वयंपाक शिकलेत. ही सगळी माहिती पायदानाच्या मापासाठी लागणारी होती. स्वयंपाक सोडला तर. तो मध्येच आला. काकांनी विचारलं होतं की भाकरी थापताना कडा का फुटते, आणि राजदूत म्हणाला, पाणी गरम घ्या.

बायकोला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण काकांना कसं वाटतंय, हे विचारलं का कुणी?"

नाही विचारलं. पण मला वाटतं, चार इंचांचं उत्तर द्यायला तीन माणसं तीन रविवार बसली, यात ते विचारून झालं. ती म्हणते, नाही झालं. आमच्यात हा वाद अजून मिटलेला नाही.

काकूंच्या मुलाला पुण्यात हे कळलं तेव्हा तो फोनवर फार चिडला. चिडायलाच हवं होतं. पॅरालिसिस झालेल्या आईला ७३ वर्षांचा माणूस स्कूटरवर नेतो म्हणजे काय? त्याच्या जागी मी असतो तरी चिडलो असतो. काकूंनी मात्र त्याला सांगितलं म्हणे, की नळकांडीवर बसलं की वारा लागतो. त्या पावसाळा सुरू होईपर्यंत रोज त्या गाडीवरून गेल्या. काका वीसच्या वर वेग घेत नव्हते, दुसऱ्या गिअरच्या वर तर नाहीच, मागच्या मोटारी हॉर्न वाजवून थकायच्या.

आता बायकोची बाजूही थोडी मांडतो, नाहीतर एकतर्फी होईल. आमच्यात एक आरएक्स १००वाला होता. तरुण, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. गाडी कशी आहे विचारलं की एरवी त्याची तक्रारींची यादी असायची. नंतर काही आठवडे तो नुसतं म्हणायला लागला, "बरी आहे." आमच्यात कुणाचीच गाडी कधी बरी नसते. बरी आहे म्हणजे काहीतरी मोठं बिघडलंय, एवढं सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. सरांनी दोनदा चोकचा विषय काढून बघितला, राजदूतनं घाटात बरोबर चल म्हटलं. त्यानं दार उघडलं नाही. पुढे गाडी विकली आणि यायचा थांबला. नोकरी गेली होती आणि घरातही काही बरं नव्हतं, हे नंतर तिसऱ्याकडून कळलं. आमच्या भाषेत एवढीच सोय आहे: समोरच्यानं गाडीबद्दल बोलायचं ठरवलं तर आपण घरापर्यंत पोचतो. त्यानं गाडीच बंद ठेवली तर आमच्याकडे दुसरा रस्ता नाही. बायकोकडे कदाचित असेल.

घाटाबद्दल काकांचं एक म्हणणं आहे. "चढाला गाडी दमते, उताराला मरते." नवखा माणूस चढाची काळजी करतो. पण लांब उतारावर ॲक्सिलेटर सोडलेला असतो, पेट्रोल जवळजवळ जात नाही, आणि टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलातूनच मिळत असल्यामुळे इंजिन फिरतंय पण कोरडं. पिस्टन धरतो तो अशा वेळी. म्हणून उतरताना मध्ये मध्ये थोडा ॲक्सिलेटर द्यायचा, गाडीला गरज नसली तरी. यातून कुणी आयुष्याचं तत्त्वज्ञान काढू नये. काका पिस्टनबद्दलच बोलत होते.

ऑगस्टमध्ये, श्रावणातल्या एका रविवारी, कासवर धुकं इतकं होतं की आम्ही यवतेश्वरवरूनच मागे फिरलो. टपरीवर काकांनी मला विचारलं, "तुझ्या पार्किंगमध्ये एका गाडीची जागा निघेल काय?"

कुणी काही बोललं नाही. राजदूतनं आणखी एक भज्यांची प्लेट सांगितली. मग सर म्हणाले, "टाकी रिकामी करून ठेवायची की भरून?" आणि त्यावर चांगला अर्धा तास वाद झाला. भरून ठेवली तर आत हवा कमी, गंज कमी. पण इथेनॉलचं पेट्रोल भरून ठेवलं तर पाणी धरणार. शेवटी काकांचा निर्णय: रिकामी करायची, आत थोडं ऑइल फिरवायचं, आणि दर पंधरा दिवसांनी बाटलीभर ताजं पेट्रोल घालून दहा मिनिटं चालू करायची. "आणि नुसती उभ्या उभ्या नको. चक्कर मार."

मुलानं पुण्यात तळमजल्यावर फ्लॅट बघितला होता, फिजिओथेरपीचं सेंटर त्याच सोसायटीत. काकूंच्या दृष्टीनं तेच योग्य होतं आणि काकांनाही ते कळत होतं. साताऱ्याचा वाडा, वरच्या दोन खोल्या, तो जिना.. ते होणं नव्हतं.

गणपतीनंतर ते गेले. गाडी माझ्या चेतकशेजारी उभी आहे. आमच्या मुलीनं दोघींवर एकच चादर घातलीय आणि मी ती वाऱ्यासाठी रोज खालून वर करतो.

रविवारी सातच्या सुमाराला काकांचा फोन येतो, आम्ही टपरीवर असतो तेव्हा बरोबर. फोन मध्ये ठेवतो, सगळे ऐकतात. पहिला प्रश्न हवेचा. अजिंक्यतारा दिसतोय का? कासच्या बाजूला ढग आहेत का? मग गाडी. कितव्या किकला झाली? धूर पांढरा की निळा? मी नीट बघून ठेवलेलं असतं, कारण अंदाजे सांगितलं तर त्यांना लगेच कळतं. पुण्याच्या हवेबद्दल विचारलं तर म्हणतात, "इथं हवा बिल्डिंगच्या मधनं येते." मुलाची इलेक्ट्रिक स्कूटर त्यांनी चालवून बघितली. आवाजच नाही, त्यामुळे तिला काय होतंय ते कळायला मार्ग नाही, ही त्यांची तक्रार.

गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, "ते पायदान काढून ठेवलंस की तसंच हाय?"

"तसंच आहे."

"ऱ्हाऊ दे. चार पायऱ्या उतरायला लागलीय ती, काठी घेऊन. बागेपर्यंत." मग थोडं थांबून, "प्लग कसा हाय?"

सरांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि प्लगचा रंग सांगायला सुरुवात केली. तपकिरी आहे, चॉकलेटी म्हणता येईल असा.